सभागृह परत आलं. आता कल्याण-डोंबिवलीत क्षेत्रसभा भरवा

धागाकर्ता (डोंबिवली पूर्व)

मंडळी,

कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या आधीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढचं मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधली पाच वर्षं नगरसेवक नव्हते, स्थायी समिती नव्हती, महासभा नव्हती. आयुक्त हेच प्रशासक. प्रस्ताव मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. आधी करोना, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचनेचे फेरबदल, अशी कारणं येत राहिली. सभागृहाची मुदत पाच वर्षं, त्यापुढे नाही, आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असं राज्यघटनेत स्वच्छ लिहिलेलं असताना हे झालं. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला तेव्हा गाडं पुढे सरकलं.

आता १२२ नगरसेवक आहेत. ३१ प्रभाग, त्यातले २९ चार सदस्यांचे आणि २ तीन सदस्यांचे. आपल्यापैकी बहुतेकांनी त्या दिवशी चार-चार बटणं दाबली. आनंद आहेच. पण धागा काढायचं कारण वेगळं आहे. मत देऊन आपण घरी आलो, आता पुढची पाच वर्षं आपण कुठे बोलायचं?

खेडेगावातल्या माणसाला याचं उत्तर माहीत असतं. ग्रामसभा. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असं कायदा सांगतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा गावात लहान पोरांनाही ठाऊक असतात. तिथे मतदार उभा राहून सरपंचाला विचारू शकतो की चौदाव्या-पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे आले ते कुठे खर्च केले. तोच माणूस महापालिकेच्या हद्दीत आला की त्याच्या हातातून हे व्यासपीठ जातं. उंच इमारती, लिफ्ट, रुंद रस्ते मिळतात, आणि प्रश्न विचारायची जागा नाहीशी होते. मला ही फार मोठी हानी वाटते. आपल्या २७ गावांच्या बाबतीत ती प्रत्यक्ष घडलेली आहे. तिकडचे सभासद त्याबद्दल लिहितीलच.

कायद्याने शहराला यावर उपाय दिलेला आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात २००९ साली दुरुस्ती झाली आणि ‘क्षेत्रसभा’ आली. प्रभागातली काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र. त्या केंद्रांच्या मतदार यादीत ज्यांची नावं आहेत ते सगळे आपोआप क्षेत्रसभेचे सदस्य. नगरसेवक अध्यक्ष. दोन वर्षांत किमान चार सभा घ्यायच्या, नाही घेतल्या तर नगरसेवकाच्या पदावर गदा येऊ शकते, इतकी ती तरतूद कडक आहे. दिवे कुठे हवेत, सार्वजनिक नळ आणि शौचालयं कुठे हवीत, कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, कुठल्या योजनेचा लाभ कुणाला, हे तिथे सुचवायचं.

पण ही सभा भरायची तर आधी क्षेत्रं आखून राजपत्रात जाहीर व्हावी लागतात. राज्यातल्या महापालिकांमध्ये गाडी अडते ती इथेच. क्षेत्रंच ठरलेली नसतील तर सभा कुठली, आणि सभा घेतली नाही म्हणून पद जाणार तरी कसं? पुण्यातल्या नागरिक संघटनांनी याचा बरीच वर्षं पाठपुरावा केला आहे. आपल्याकडे हा विषय चौकात बोलला जात नाही, कारण अशी काही सभा असते हेच माहीत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. नवीन सभागृहाकडे रस्ता, पाणी, कचरा या मागण्या करायच्या आधी पहिली मागणी ही करावी: क्षेत्रं आखण्याचा प्रस्ताव महासभेत आणा, शासनाकडे पाठवा आणि चार जणांच्या पॅनेलमध्ये कुठल्या क्षेत्राला कुठला नगरसेवक जबाबदार, हे लेखी जाहीर करा. आज काय होतं? एका नगरसेवकाला फोन केला की तो म्हणतो, तो भाग दुसऱ्याकडे आहे. दुसरा तिसऱ्याचं नाव सांगतो. चौघांना मत दिलं म्हणजे चौघांवर हक्क असायला हवा. कामाच्या वेळी मात्र तो एकावरही उरत नाही.

आपापल्या भागातला अनुभव, कायद्याची माहिती, व्यवहारातल्या अडचणी, सगळं लिहा. विरोधही लिहा. फक्त पक्षावरून भांडण नको. इथे सगळ्यांचे पक्ष आहेत आणि सगळ्यांच्या घरात एकाच जलवाहिनीचं पाणी येतं.

प्रतिसाद – २७ गावांतला ग्रामस्थ

दादा, तुम्ही दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

१ ऑक्टोबर १९८३ ला महापालिका झाली तेव्हा आमची गावं आत घेतली. गावं विरोधात होती. वर्षानुवर्षं आंदोलनं झाली आणि २००२ साली आम्ही बाहेर पडलो, पुन्हा ग्रामपंचायती आल्या. नियोजनाचा अधिकार मात्र २००६ पासून एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). १ जून २०१५ ला परत महापालिकेत. २०२० च्या जून महिन्यात १८ गावं वेगळी काढून नगरपरिषद करायची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने ती रद्द केली. माझ्या वडिलांचं घर एकाच जागी उभं आहे. त्या घराच्या कराची पावती मात्र कधी ग्रामपंचायतीची, कधी महापालिकेची.

प्रत्येक वेळी निर्णय वरून आला. आत घेताना ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले होते. ते ठराव कागदावर राहिले.

ग्रामसभा म्हणजे फार आदर्श गोष्ट होती असं मी म्हणणार नाही. पुष्कळदा कोरमसाठी माणसं गोळा करावी लागायची, बायका मागे बसायच्या, बोलणारे ठरलेले. पण जमा-खर्चाचं वाचन व्हायचं. ग्रामसेवक समोर बसलेला असायचा, त्याला नावाने विचारता यायचं. आज आमच्याकडे भोपर, संदप, उसरघर, काटई, निळजे, घेसर या पट्ट्यात केवढ्या इमारती उभ्या राहिल्या ते येऊन बघा. गावठाणाच्या शेजारी वीस-वीस मजले. त्या टॉवरमधल्या माणसाची आणि आमची गाठ कधी पडतच नाही. त्यांना वाटतं गाववाले बांधकाम करतात, आम्हाला वाटतं हे पाणी पळवतात. एका क्षेत्रसभेत दोघं समोरासमोर बसले तर निम्मे गैरसमज जागेवर मिटतील, असं मला मनापासून वाटतं.

आमची स्वतंत्र नगरपालिकेची मागणी कायम आहे, ती मी सोडत नाही. पण जोवर आम्ही महापालिकेत आहोत तोवर क्षेत्रसभेचा हक्क आम्हाला सगळ्यात आधी मिळायला हवा, कारण आमची ग्रामसभा गेली आहे. तुमच्या मागणीला माझा पाठिंबा आहे.

प्रतिसाद – निवृत्त स्थापत्य अभियंता

मी सरकारी बांधकाम खात्यात आयुष्य काढलं. क्षेत्रसभेला माझा पाठिंबा आहेच, पण सभेत जाऊन ‘रस्ता खराब आहे’ एवढंच बोललात तर अधिकारी ‘करून घेऊ’ म्हणेल आणि विषय संपेल. काय मागायचं ते माहीत हवं.

कुठल्याही कामाच्या चार कागदांवर लक्ष ठेवा. मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका (आम्ही तिला एमबी म्हणायचो) आणि अंतिम देयक. अंदाजपत्रकात थर किती जाडीचा धरलाय ते कळतं. कार्यादेशात काम किती दिवसांत पुरं करायचं आणि दोषदायित्व कालावधी किती ते असतं. या कालावधीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. लोकांना हे माहीत नसतं, म्हणून त्याच रस्त्याच्या डागडुजीवर पुन्हा पालिकेचा पैसा खर्च होतो. एमबीमध्ये प्रत्यक्ष मोजलेलं काम लिहिलेलं असतं. टेप घेऊन रस्त्यावर जा आणि ताडून बघा, लांबी-रुंदी मोजायला अभियंता असावं लागत नाही.

दुसरी गोष्ट डोंबिवलीकरांना विशेष लागू आहे. डांबरी रस्त्यांवर काँक्रीट चढतंय. काँक्रीटला माझी हरकत नाही, पाऊस आणि अवजड वाहतूक बघता ते टिकतं. पण जुना थर न काढता वर काँक्रीट ओतलं की रस्ता फूट-दीड फूट उंचावतो आणि दोन्ही बाजूच्या जुन्या इमारती खड्ड्यात जातात. मग जुलैमध्ये तळमजल्याच्या घरात, मीटर रूममध्ये, पाण्याच्या टाकीत पाणी. काम सुरू व्हायच्या आधी रस्त्याचा ‘एल-सेक्शन’ मागा. त्यात आजची पातळी आणि होणारी पातळी दोन्ही दाखवलेल्या असतात. गटाराचा तळ कुठल्या बाजूला उतरतो तेही बघा. गटार वरच्या बाजूला आणि नाला खालच्या बाजूला असेल तर पाणी आपोआप वाहील, उलट असेल तर कितीही गाळ काढा, तुंबणारच. हे नकाशावर पाच मिनिटांत कळतं, काँक्रीट सुकल्यावर कळून उपयोग नाही.

आणि काँक्रीट टाकायच्या आधी वाहिन्यांसाठी आडवे पाइप टाकलेत का, हे नक्की विचारा. नाहीतर सहा महिन्यांत केबलवाले, गॅसवाले, पाणीवाले येऊन नवा रस्ता कापतात.

प्रतिसाद – सोसायटी सेक्रेटरी, डोंबिवली पश्चिम

काका, फार उपयोगी लिहिलंत. हे कागद मिळवायचे कसे? माहितीचा अधिकार टाकला की लोक घाबरतात, ‘उगाच वैर कशाला’ म्हणतात.

प्रतिसाद – वकील, कल्याण

वैर होत नाही, शांतपणे अर्ज करा. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये फी आणि उत्तर ३० दिवसांत. नाही आलं किंवा अपुरं आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असावा. लोक एकाच अर्जात रस्ता, गटार, दिवे, अनधिकृत शेड असं सगळं घालतात आणि मग तो परत येतो.

पण अर्जाच्याही आधी एक सोपी वाट आहे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख प्रत्यक्ष बघता येतात. सोमवारी सुट्टी असली तर पुढच्या कामाच्या दिवशी. त्या निर्णयाची प्रत खिशात ठेवून जा.

धागाकर्त्यांच्या मुद्द्यात एक भर घालतो. क्षेत्रसभेच्या वर प्रभाग समिती आहे. आपल्या पालिकेत दहा प्रभाग क्षेत्रं आहेत, अ, ब, क पासून आय आणि जे पर्यंत (निवडणुकीचे ३१ प्रभाग वेगळे, ही कारभारासाठीची विभागणी). अधिनियमाच्या २९-अ कलमाप्रमाणे या समितीने महिन्यातून किमान एकदा प्रभाग कार्यालयात बसायचं असतं. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, साफसफाई, पावसाळी पाणी याबद्दलच्या सामायिक तक्रारी तिने सोडवायच्या असतात आणि आपल्या भागातल्या कामांची शिफारस अंदाजपत्रकासाठी करायची असते. याच कलमात सामाजिक काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घ्यायची तरतूद आहे. हे प्रतिनिधी नगरसेवकांनीच नामनिर्देशित करायचे असतात. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी, गृहनिर्माण संस्थांच्या महासंघांनी, महिला मंडळांनी आपली नावं आत्ताच द्यावीत. नावं पुढे आली नाहीत तर त्या जागा रिकाम्या राहतात किंवा कार्यकर्त्यांनी भरल्या जातात.

प्रतिसाद – लोकलने जाणारी

सगळं पटतंय, पण सोमवारी दुपारी ३ ला कोण जाणार? मी सकाळी ७.२० ची गाडी पकडते आणि घरी यायला साडेआठ वाजतात. माझ्या मजल्यावरच्या चारही घरांत हेच आहे. आम्ही सगळ्यात जास्त कर भरणारे आणि सगळ्यात कमी दिसणारे लोक आहोत. क्षेत्रसभा जर कामाच्या दिवशी दुपारी ठेवली तर तिथे निवृत्त माणसं, दुकानदार आणि पक्षाचे कार्यकर्ते एवढेच असतील. माझी मागणी लिहून घ्या: सभा रविवारी सकाळी, वॉर्डातल्या शाळेत. मुलांना घेऊन येता येईल अशी जागा हवी. सूचना आठ दिवस आधी प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लागायला हवी.

आणि स्त्रियांचे विषय वेगळ्या नजरेने येतील. मला रस्त्याच्या काँक्रीटपेक्षा स्टेशनपासून घरापर्यंतचे दिवे महत्त्वाचे वाटतात. दुसरं म्हणजे स्टेशनबाहेर चालायला जागा. २०१७ साली उच्च न्यायालयाने रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले बसणार नाहीत असं सांगितलं. फेरीवालाही पोट भरायला बसतो, त्याला उठवून प्रश्न सुटत नाही हे मला कळतं. मी स्वतः रात्री त्याच्याकडूनच भाजी घेते, कारण मंडईत जायला वेळ नसतो. म्हणून तर हा विषय सभेत यायला हवा. १५० मीटरच्या पलीकडे, आमच्या वाटेवर, दिवे असलेली जागा त्यांना आखून द्या. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे. फेरीवाले आणि आम्ही, दोघं त्या निर्णयात हवेत.

धागाकर्ता

ताई, रविवारचा मुद्दा मूळ मागणीत घालतो. सूचना फलकावर आठ दिवस आधी, हेही.

प्रतिसाद – एमआयडीसी निवासी विभाग

आमच्याकडचा प्रश्न थोडा निराळा आहे. आम्ही मत महापालिकेला देतो, मालमत्ता कर महापालिकेला भरतो आणि पाणी एमआयडीसीचं पितो. रस्ते कुणी करायचे यावर वर्षानुवर्षं पत्रव्यवहार. थोडं बाहेर आलं की कल्याण-शिळ रस्ता राज्य रस्ते विकास महामंडळाचा, त्यावरचं मेट्रोचं काम एमएमआरडीएचं. खड्डा कुणाचा हे विचारताच चार कार्यालयांची नावं येतात. क्षेत्रसभेत महापालिकेचा अधिकारी बसेल आणि म्हणेल, हा रस्ता आमचा नाही. तो बरोबरच बोलत असेल! म्हणून सभेला या सगळ्या संस्थांचा माणूस बोलवायची सोय हवी. किमान प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी पाटी हवी: रस्ता कुणाचा, दिवे कुणाचे, गटार कुणाचं.

यापेक्षा गंभीर एक आहे. २६ मे २०१६ चा स्फोट आणि २३ मे २०२४ चा स्फोट, दोन्ही आमच्या घराच्या काचांनी अनुभवले. २०२० मध्ये रासायनिक रंगाने रस्ता गुलाबी झाला होता, तो फोटो मुख्यमंत्र्यांपर्यंत पोचला. प्रत्येक घटनेनंतर कारखाने हलवा की ठेवा यावर चर्चा होते. ती वरच्या पातळीवर होऊ द्या. पण भोंगा वाजला तर आम्ही कुठल्या दिशेने चालायचं, वारा पश्चिमेचा असेल तर कुठल्या शाळेत जमायचं, अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाला कोण उचलणार, हे ठरवायला मंत्रालय लागत नाही. रासायनिक अपघातांबद्दलचे १९९६ चे नियम आहेत, त्यात स्थानिक आपत्ती गट सांगितलेला आहे आणि लोकांना माहिती देणं हे त्याचं काम आहे. क्षेत्रसभेचा पहिला विषय आमच्याकडे हाच असावा. वर्षातून एकदा रंगीत तालीम, प्रत्येक इमारतीतून दोन माणसं प्रशिक्षित. मे महिन्याच्या आधी.

प्रतिसाद – पंचवीस वर्षांचा डोंबिवलीकर

मी थोडा विरोधी सूर लावतो. क्षेत्रसभा आली तरी तिथे नगरसेवकाची माणसंच पुढच्या रांगेत बसणार. टाळ्या, हार, वाढदिवसाचा केक. ज्याने प्रश्न विचारला त्याच्याकडे सगळे वळून बघणार. छोट्या वस्तीत राहणाऱ्याला, भाड्याने राहणाऱ्याला हे परवडत नाही. त्यापेक्षा माझा अनुभव असा की नगरसेवकाला थेट फोन केला की गटाराचं झाकण दुसऱ्या दिवशी बसतं. ही व्यक्तिगत ओळखच आपल्याकडे चालते. ती मोडून सभेत आणली तर दोन्हीकडून जाईल.

धागाकर्ता

तुमची शंका खरी आहे आणि ती झटकून टाकणार नाही. फोनवर झाकण बसतं, हे चांगलंच आहे, तो फोन करत राहा. पण ज्याची ओळख नाही त्याच्या दारातलं झाकण कोण बसवणार? आणि फोनवर झाकण मागता येतं, पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात नाल्यासाठी तरतूद मागता येत नाही.

सभा पक्षाची होऊ नये म्हणून दोन गोष्टी सुचतात. इतिवृत्त त्याच आठवड्यात संकेतस्थळावर आणि सोसायट्यांच्या फलकावर. मागचं इतिवृत्त वाचल्याशिवाय पुढची सभा सुरू होणार नाही. म्हणजे मागच्या वेळी अधिकाऱ्याने जे कबूल केलं ते झालं की नाही, हा पहिला विषय. ज्यांना उभं राहून बोलायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी लेखी प्रश्नांची पेटी, चार दिवस आधी, नाव न घालता. त्यातले प्रश्न सभेत मोठ्याने वाचायचे.

प्रतिसाद – भाडेकरू, पलावा

भाडेकरूंचा उल्लेख आला म्हणून. आमचं नाव मतदार यादीत अजून गावच्या पत्त्यावर आहे. मग आम्ही क्षेत्रसभेत बसू शकणार नाही, बरोबर?

प्रतिसाद – वकील, कल्याण

बरोबर, सदस्यत्व मतदार यादीवरून ठरतं. पत्ता बदलण्यासाठी अर्ज क्रमांक ८ भरा, ऑनलाइन होतो. नोंदणीकृत भाडेकरार, वीजबिल किंवा बँक पासबुक पुरावा म्हणून चालतं. घरमालकाचा दाखला मागायची गरज पडत नाही. निवडणूक जवळ नसताना केलं तर गर्दी नसते. आत्ताच करा.

प्रतिसाद – घर शोधणारी

क्षेत्रसभेच्या विषयात अनधिकृत इमारतींचा मुद्दा येऊ शकतो का? डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण वाचल्यापासून आम्ही घाबरून आहोत. पालिकेची बनावट बांधकाम परवानगी दाखवून महारेराची (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी मिळवली होती. १९ नोव्हेंबर २०२४ ला उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं तेव्हा आत संसार थाटलेली माणसं होती. त्यांनी मुद्रांक शुल्क भरलं होतं, बँकांनी कर्जं दिली होती. सामान्य माणसाने अजून काय तपासायचं?

प्रतिसाद – निवृत्त स्थापत्य अभियंता

मुली, घाबरणं बरोबर आहे, कारण त्या लोकांनी आपल्या बाजूने काही हलगर्जी केली नव्हती. बिल्डरने दिलेली परवानगीची प्रत कितीही कोरी-करकरीत असली तरी त्यावर विसंबू नको. त्यावरचा क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि हीच परवानगी या सर्वे नंबरवर दिली आहे का, हे लेखी विचार. मंजूर नकाशाची साक्षांकित प्रत तिथूनच घे. सातबारावर मालक कोण, बिनशेती झालीय का, तो भूखंड विकास आराखड्यात शाळा, उद्यान किंवा रस्त्यासाठी आरक्षित तर नाही ना, हे बघ. बांधून झालेल्या घराचा भोगवटा दाखला हवाच. मालमत्ता कराची पावती म्हणजे परवानगी नव्हे. अनधिकृत बांधकामावरही कर लागतो.

आणि हो, हा क्षेत्रसभेचाच विषय आहे. इमारत पाच मजले चढेपर्यंत शेजाऱ्यांना ती दिसत असते. आपल्या क्षेत्रात चालू असलेल्या प्रत्येक बांधकामाचा परवानगी क्रमांक प्रत्येक सभेत वाचून दाखवा, अशी मागणी करता येईल. ज्या बांधकामाचा क्रमांक यादीत नाही त्याची नोंद इतिवृत्तात झाली की ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं नंतर कुणाला म्हणता येणार नाही. पहिल्या जोत्याच्या वेळी थांबवलेली इमारत एका माणसाचं नुकसान करते. सात मजल्यांनंतर पाडलेली पन्नास कुटुंबांचं.

प्रतिसाद – २७ गावांतला ग्रामस्थ

यात माझ्या गावातल्याही काही इमारती असतील हे मला माहीत आहे. तरी काकांच्या सूचनेला माझा पाठिंबा. आमच्याच पोरांनी आयुष्याची पुंजी घालून अशा इमारतींत घरं घेतली आहेत.

प्रतिसाद – कचरा वर्गीकरण करणारी, कल्याण पश्चिम

आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर आम्ही नाकाला रुमाल लावून सहन केला. त्याला लागलेल्या आगी, तो धूर. २०२१ मध्ये तिथे कचरा टाकणं थांबलं तेव्हा आमच्या इमारतीत खिडक्या उघडल्या गेल्या. ते शक्य झालं ते ओला-सुका वेगळा करायला लागल्यावर, उंबर्डे-बारावेचे प्रकल्प चालू झाल्यावर. म्हणजे घराघरातल्या बायकांनी आणि सफाई कामगारांनी मिळून ते केलं. आता वर्गीकरण पुन्हा सैल झालंय असं मला दिसतं. वेगळा केलेला कचरा एकाच गाडीत पडताना दिसला की दुसऱ्या दिवशी लोक वेगळा करत नाहीत. क्षेत्रसभेत सफाई कामगारांच्या मुकादमालाही बोलवा. त्याला जितकं माहीत असतं तितकं अधिकाऱ्याला नसतं. २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे (ते २०२६ मध्ये बदलले) ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा होता. कुठली संकुलं ते करतात आणि कुठली नाही, ही यादीही वाचली जावी. आमचं संकुल करतं. खत हवं असेल त्यांनी कळवा.

प्रतिसाद – सोसायटी सेक्रेटरी, डोंबिवली पश्चिम

अंदाजपत्रकाचा मुद्दा राहिला. ते पुस्तक मी एकदा उघडलं आणि मिटलं. कसं वाचायचं?

प्रतिसाद – निवृत्त स्थापत्य अभियंता

सगळं वाचू नका. आधी आपला विषय शोधा, उदाहरणार्थ रस्ते दुरुस्ती. त्या लेखाशीर्षासमोर तीन प्रकारचे आकडे असतात: मागच्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद. तरतूद वाचून खूश होऊ नका, प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यावर बोट ठेवा. दरवर्षी मोठी तरतूद आणि दरवर्षी थोडाच खर्च असेल तर ते काम फक्त पुस्तकात आहे. मग ‘दायित्व’ बघा, म्हणजे आधीच्या कामांची देणी. नव्या तरतुदीतला मोठा भाग तिथेच जातो. आयुक्त आधी स्थायी समितीला सादर करतात, नंतर ते महासभेत येतं आणि १ एप्रिलला नवीन वर्ष सुरू होतं. बोलायचं असेल तर त्याच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत, प्रभाग कार्यालयात लेखी द्या. मार्चमध्ये आकडे हलत नाहीत.

धागाकर्ता

सर्वांचं मिळून निवेदन असं करतो. क्षेत्रं आखण्याचा प्रस्ताव महासभेत आणावा. पॅनेलमधल्या प्रत्येक सदस्याचं क्षेत्र जाहीर करावं. सभा रविवारी, सूचना आठ दिवस आधी, इतिवृत्त आठवड्यात. एमआयडीसी, रस्ते विकास महामंडळ, एमएमआरडीए यांचे प्रतिनिधी जिथे लागतील तिथे. चालू बांधकामांच्या परवानगीची यादी प्रत्येक सभेत. एमआयडीसी परिसरात आपत्तीची तालीम मे महिन्याच्या आत. प्रभाग समितीवर संस्थांचे प्रतिनिधी.

प्रत आयुक्तांना, महापौरांना आणि आपापल्या प्रभागातल्या सर्व नगरसेवकांना. प्रत्येक सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव करून जोडला तर वजन येईल. ठरावाचा नमुना वकील साहेब लिहून देतील का?

प्रतिसाद – वकील, कल्याण

आज रात्री टाकतो. एक पानाचा असेल, सूचक-अनुमोदकाची जागा सोडलेली. सोसायटीचा शिक्का आणि आवक क्रमांकाची पोच घ्यायला विसरू नका. पोच नसलेलं निवेदन पालिकेच्या लेखी दिलेलंच नसतं.

प्रतिसाद – लोकलने जाणारी

आमच्या सोसायटीची सभा येत्या रविवारी आहे, विषयपत्रिकेत घालायला सांगितलंय. ठराव मी मांडते. गावाकडच्या ग्रामस्थ दादांना विनंती, तुमच्याकडच्या दोन-तीन गावांचे ठराव आमच्यासोबत एकाच दिवशी देता येतील का? ‘ई’ प्रभाग कार्यालयात एकत्रच जाऊ.

प्रतिसाद – २७ गावांतला ग्रामस्थ

येतो. देवळात बैठक लावतो आणि वार कळवतो. शनिवार बघा, म्हणजे तुम्हालाही जमेल आणि कार्यालय उघडं नसलं तर शुक्रवारी सकाळी लवकर.

प्रतिसाद – निवृत्त स्थापत्य अभियंता

पाच दिवसांचा आठवडा आहे, शनिवारी कार्यालय बंद असेल. शुक्रवारच धरा. ज्यांना रजा मिळणार नाही त्यांची निवेदनं माझ्याकडे द्या, मी नेऊन पोच आणतो. ठराव फक्त सही-शिक्क्यासह द्या.